पादत्राण आणि पायाची वेदना

मनुष्याचे पाऊल हा शरीराचा लहानसाच भाग आहे. परंतु उभे राहण्याचा, चालण्याचा आणि ओझे वाहण्याचा सारा भार अखेर त्याच्यावर येऊन पडतो. वर्गात दिवसभर उभे राहून शिकवणारे शिक्षक, रुग्णालयातील परिचारिका, चौकातील वाहतूक पोलीस, यंत्रापाशी उभा असलेला कामगार, ओट्यापाशी फरशीवर अनवाणी उभी राहून स्वयंपाक करणारी गृहिणी, या सर्वांची एक तक्रार समान असते. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते. सायंकाळी पोटऱ्या भरून येतात. रात्री कंबर धरते. अशा वेळी शेजारीपाजारी, दुकानदार आणि पुष्कळदा डॉक्टरही एकच सल्ला देतात : ‘मऊ तळाची चप्पल वापरून पाहा.’

हा सल्ला बऱ्याच अंशी योग्य आहे; परंतु तो योग्य का आहे, आणि कोठपर्यंत योग्य आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. मऊ तळामुळे पावलावर नेमका काय परिणाम होतो? जितके मऊ तितके चांगले, असे म्हणता येईल काय? पावलाला मिळणारा आराम गुडघ्यापर्यंत आणि पाठीपर्यंत पोहोचतो काय? या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी प्रथम पावलाची रचना समजून घ्यावी लागेल. त्यानंतर अशा रुग्णांकडे वळावे लागेल, ज्यांच्या पायांना वेदना मुळीच होत नाही. भारतात मऊ तळाच्या पादत्राणाचा शास्त्रशुद्ध विचार झाला तो प्रामुख्याने त्यांच्याचसाठी.

पावलाची घडण

एका पावलात २६ हाडे असतात. ती अस्थिबंधांनी एकमेकांशी अशी जखडलेली असतात की, त्यांची मिळून एक कमान तयार होते. कमानीचे एक टोक टाचेवर आणि दुसरे चवड्यावर टेकलेले असते. दगडी पुलाची कमान अचल असते. पावलाची कमान मात्र प्रत्येक पावलागणिक किंचित दबते आणि पुन्हा वर येते. चालताना बसणारा धक्का शोषून घेण्याची निसर्गाची ही पहिली योजना होय.

कमानीच्या खालून, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत, एक चिवट तंतुमय पट्टा ताणलेला असतो. धनुष्याला जशी दोरी, तसा कमानीला हा पट्टा. चालताना टाच उचलली गेली आणि बोटे वर वळली की, हा पट्टा बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांभोवती गुंडाळला जातो. रहाटावर दोर गुंडाळला जाताना बादली जशी वर येते, त्याप्रमाणे पट्टा आखडून कमान उंचावते व पाऊल ताठ होते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली या क्रियेचे वर्णन केले. जमिनीवर टेकताना लवचिक आणि जमीन सोडताना ताठ, असे पावलाचे दुहेरी रूप या क्रियेमुळे शक्य होते. सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत उठणारी कळ बहुधा याच पट्ट्याच्या मुळाशी असते.

निसर्गाची दुसरी योजना टाचेखाली आहे. टाचेच्या हाडाखालील मेद एका सलग थरात पसरलेला नसतो, तर तंतूंच्या भिंतींनी पाडलेल्या लहान लहान कप्प्यांत बंदिस्त असतो. गादीला जागोजागी टाके घातल्याने आतला कापूस एका बाजूला सरत नाही, तसाच हा प्रकार आहे. भार पडला की कप्पे दबतात, भार निघाला की फुगतात. वय वाढते तसतशी या नैसर्गिक गादीची लवचिकता कमी होत जाते. कठीण फरशीवर उभे राहणे तरुणपणी जाणवत नाही आणि उतारवयात जाणवू लागते, यामागील एक कारण हेच आहे.

भार आणि दाब

पादत्राणाचे कार्य समजण्यासाठी भार आणि दाब यांतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. साठ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य एका पायावर उभा राहिला, तर त्या पावलावरील भार साठ किलोग्रॅमच असतो. पादत्राण कोणतेही असले तरी तो कमी होत नाही. दाब मात्र भार किती क्षेत्रफळावर विभागला गेला यावर अवलंबून असतो. हा भार तळव्याच्या १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर सारखा पसरला आहे असे मानले, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोग्रॅम इतका दाब येईल. तोच भार टाचेचा मध्य आणि चवड्याचे एखादे हाड मिळून केवळ १० चौरस सेंटिमीटरवर आला, तर दाब ६ किलोग्रॅम होईल, म्हणजे दसपट.

प्रत्यक्षात भार सारखा पसरलेला कधीच नसतो. चालताना प्रथम टाच टेकते. मग क्षणभर संपूर्ण पाऊल जमिनीला लागते. अखेरीस टाच उचलली जाऊन सगळा भार चवड्यावर व अंगठ्यावर जातो. सामान्य चालीत पावलावर येणारे बल शरीराच्या वजनापेक्षा काहीसे अधिक असते. धावताना ते वजनाच्या दुप्पट-तिपटीपर्यंत जाते. दिवसाला सहा हजार पावले टाकणाऱ्या व्यक्तीचा प्रत्येक पाय तीन हजार वेळा या चक्रातून जातो. ज्या ठिकाणी दाब वारंवार एकवटतो, तेथे कातडी जाड होऊन घट्टा पडतो. पुढे त्या घट्ट्याचाच खडा टोचावा तसा त्रास होऊ लागतो.

तेव्हा चांगल्या पादत्राणाचे पहिले काम भाराची वाटणी करणे हे होय. कठीण पृष्ठभागावर तळव्याचे उंचवटे तेवढे टेकतात. मऊ आणि लवचिक थर उंचवट्यांखाली अधिक दबतो, खळग्यांपाशी कमी दबतो, आणि त्यामुळे तळव्याचा अधिकाधिक भाग भार वाहण्यास पुढे येतो.

वेदना नसलेले पाय

भाराच्या वाटणीचे हे तत्त्व व्यवहारात उतरवण्याचे मोठे कार्य तमिळनाडूतील वेल्लोर येथे झाले. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक रुजू झाले. १९१४ साली तमिळनाडूतीलच कोल्ली डोंगरात जन्मलेले ब्रँड हे मिशनरी आईवडिलांचे पुत्र; त्यांचे वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये झाले होते. वेल्लोरला आल्यावर लवकरच चिंगलपेट येथील कुष्ठरुग्णांची त्यांनी पाहणी केली, आणि त्यांच्या पुढील आयुष्याची दिशाच बदलली.

कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, रोगजंतू मज्जातंतूंना इजा करतात, त्यामुळे हातापायांची संवेदना नाहीशी होते, आणि पुढची हानी घडते ती बव्हंशी या संवेदनाहीनतेमुळे. चपलेतला खिळा टोचत आहे, तव्याचा चटका बसत आहे, तळव्यावर फोड आला आहे, यांपैकी काहीच त्या रुग्णाला कळत नाही. तो चालत राहतो, आणि फोडाचा व्रण, व्रणाचे हाडापर्यंत पोहोचणारे दुखणे, असा क्रम सुरू होतो.

या निरीक्षणांतून वेदनेच्या कार्यावर नवा प्रकाश पडला. निरोगी मनुष्य काही मैल चालला की, त्याच्या नकळत त्याची चाल बदलते. चवड्याचा एक भाग दुखू लागला की, तो भार किंचित बाहेरच्या बाजूला टाकतो. पाऊल थोडे आखूड पडते. पुढे तो क्षणभर थांबतो, बसतो, चपला काढून तळवा चोळतो. वेदना अशा रीतीने दिवसभराच्या भाराची वाटणी करत असते. संवेदना हरपलेला मनुष्य मात्र पहिले पाऊल जसे टाकतो, तसेच हजारावे पाऊलही टाकतो. तोच दाब त्याच जागी पुनःपुन्हा पडत राहतो. एरवी निरुपद्रवी असलेला मध्यम दाबही सहस्रावधी वेळा पडला, तर मांसल भागाला सूज येते, आणि विश्रांती न मिळाल्यास तेथे जखम होते. १९६६ साली ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. प्राण्यांच्या पंजांवर वारंवार दाब देऊन केलेल्या प्रयोगांनी तेथे या निष्कर्षाला बळकटी आली. २००३ साली त्यांचे निधन झाले.

वेदना भाराची वाटणी काळात करते. पादत्राणाने ती क्षेत्रफळात करावयाची असते. ज्याच्यापाशी पहिली सोय उरलेली नाही, त्याला दुसरीवाचून गत्यंतर नाही. म्हणूनच मऊ तळाचा प्रश्न कुष्ठरुग्णांच्या बाबतीत सुखसोयीचा नसून पाय राहणार की जाणार, याचा होता.

सूक्ष्मरंध्री रबर

संवेदनाहीन पायांसाठी कोणता पदार्थ योग्य, हे ठरवण्यासाठी पुष्कळ खटपट करावी लागली. लाकूड, चामडे, प्लॅस्टिक अशा नाना पदार्थांची परीक्षा झाली. कठीण पदार्थ पावलाच्या आकाराशी तंतोतंत जुळवला तरी पावलाचा आकार दिवसभरात बदलतो, आणि मग तो कोठेतरी रुततो. सामान्य स्पंज पहिल्या दिवशी सुखद वाटतो; परंतु भार पडताच तो पार चेपून जातो, आणि पाऊल पुन्हा खालच्या कठीण थरावरच टेकते. हवे होते ते यांच्या मधले काहीतरी : हाताने दाबले असता दबेल, परंतु देहाच्या भाराखाली संपूर्ण चेपणार नाही, आणि भार निघताच पूर्वस्थितीला येईल.

हे गुण मायक्रोसेल्युलर रबरात, म्हणजे सूक्ष्मरंध्री रबरात सापडले. रबराच्या मिश्रणात वायू निर्माण करणारे द्रव्य घालून ते तापवले की, त्यात एकमेकांपासून अलग अशी असंख्य सूक्ष्म पोकळी तयार होतात. प्रत्येक पोकळीत वायू कोंडलेला असल्याने असे रबर दबते, पण बसत नाही. या आतल्या थराचे काठिण्य ‘शोअर’ मापाने १५ ते २० अंशांच्या जवळपास असावे, असे ठरले. नेहमीच्या हवाई चपलेचा तळही रंध्रयुक्त रबराचाच असतो. मात्र तो याहून बराच कठीण असतो. पावलाखाली असा मऊ थर, त्याच्याखाली काटे व खडे यांना दाद न देणारा कठीण रबराचा तळ (पुष्कळदा मोटारीच्या जुन्या टायरचा), कमीजास्त करता येतील असे रुंद पट्टे, टाचेमागे एक पट्टा, आणि कोठेही खिळा नाही, अशी ही चप्पल होती. वेल्लोरजवळ करिगिरी येथे १९५५ साली कुष्ठरोग संशोधनाची संस्था स्थापन झाली. तेथील कार्यशाळेने या पादत्राणाच्या प्रसारात मोठा वाटा उचलला.

पावलाखालील दाब कोठे एकवटतो हे पाहण्यासाठी शाई लावलेल्या रबरी चटईवर रुग्णाला चालवून कागदावर ठसा घेतला जाई. चटईवर कमीअधिक उंचीच्या रेषा असल्याने जेथे दाब अधिक तेथे ठसा गडद उमटे. गडद ठिपका दिसला की चप्पल बदलावयाची किंवा त्या जागेमागे लहानशी उशी बसवून भार हलवावयाचा, हे चर्मकाराला प्रत्यक्ष दिसत असे.

या कार्यात एक अडचण मात्र रबराने सुटण्यासारखी नव्हती. विशिष्ट घडणीची ती चप्पल पाहताच लोक ‘हा कुष्ठरुग्ण’ असे ओळखत. त्यामुळे कित्येक रुग्ण ती घालण्याचे टाळत आणि पुन्हा जखमी होत. पुढे कार्यशाळांनी बाजारातील चपलांसारखे दिसणारे रंग व पट्टे स्वीकारले. पादत्राण कितीही गुणकारी असले तरी ते पायात नसेल तर निरुपयोगी, हा धडा यातून मिळाला.

कालांतराने हेच ज्ञान मधुमेही रुग्णांच्या उपयोगी पडले. दीर्घकाळच्या मधुमेहातही पायांची संवेदना मंदावते. २००४ साली चेन्नई येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मऊ थराचे पादत्राण वापरणाऱ्या मधुमेही रुग्णांत नव्याने व्रण होण्याचे प्रमाण कठीण तळाचे नेहमीचे पादत्राण वापरणाऱ्यांपेक्षा पुष्कळच कमी आढळले. आज अनेक शहरांतील दुकानांत ‘एम.सी.आर. चप्पल’ या नावाने जी चप्पल टाच दुखणाऱ्या मंडळींसाठी विकली जाते, तिचा पूर्वेतिहास असा आहे. वेदना नसलेल्यांसाठी सिद्ध झालेली वस्तू वेदनेने त्रस्त असलेल्यांच्या कामी आली.

दुखणाऱ्या टाचेसाठी

टाचदुखीच्या रुग्णाला मऊ तळ दोन प्रकारे उपयोगी पडतो : तो टाचेच्या मध्यावरील दाब पसरवतो, आणि टाच चवड्यापेक्षा किंचित उंच असल्यास पोटरीचा व तळव्याच्या पट्ट्याचा ताण हलका होतो. यासाठी महागडे, मापाचे बनवून घेतलेले आतले तळ आवश्यक आहेतच असे नाही. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३६ रुग्णांची आठ आठवडे पाहणी करण्यात आली. सर्वांनी पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम केले. केवळ व्यायाम करणाऱ्यांपैकी ७२ टक्के रुग्णांना बरे वाटले; सोबत तयार रबरी उशी वापरणाऱ्यांपैकी ८८ टक्के, आणि सिलिकोनची उशी वापरणाऱ्यांपैकी ९५ टक्के रुग्णांना बरे वाटले. मापाने घडवलेले कठीण आतले तळ वापरणाऱ्यांत हे प्रमाण ६८ टक्केच होते.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निव्वळ व्यायामानेही बहुसंख्य रुग्णांना आराम पडला. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, अशा स्थितीत पुढे झुकून पोटरी ताणणे. अंथरुणातून उठण्यापूर्वी हाताने बोटे आपल्याकडे ओढून तळवा ताणणे. हे उपाय विनामूल्य आहेत. त्यांना चपलेची जोड द्यावी. चपलेवर विसंबून ते सोडून देऊ नयेत. टाचदुखी बहुधा बरी होते, मात्र तिला आठवडे, कधी महिनेही लागतात.

गुडघा आणि पाठ

पावलाहून वर जावे तसतसा पादत्राणाचा प्रभाव उणावत जातो. गुडघ्याच्या बाबतीत काही खात्रीलायक माहिती उपलब्ध आहे. उंच टाचांच्या बुटांमुळे गुडघ्यावर येणारी पिळवटणारी बले वाढतात, असे १९९८ साली दाखवण्यात आले. २०२१ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुडघ्याची झीज झालेल्या, पन्नाशी उलटलेल्या १६४ व्यक्तींची पाहणी झाली. अर्ध्या जणांना सपाट व लवचिक, तर अर्ध्यांना स्थिर व आधार देणारे बूट सहा महिने देण्यात आले. चालतानाची वेदना ध्यानात येण्याइतकी कमी झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्या गटात ५८ टक्के होते. म्हणजे आधार देणाऱ्या बुटांचा लाभ झाला; परंतु त्या गटातही कित्येकांना तो झाला नाही.

पाठदुखीचे चित्र वेगळे आहे. चपलेत घालावयाच्या मऊ तळांसंबंधी झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ साली घेण्यात आला. असे तळ वापरल्याने पाठदुखी टळत नाही, आणि ती बरी होते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. पाठदुखीची कारणे बहुविध असतात : बसण्याची रीत, वाकून ओझे उचलणे, स्नायूंची दुर्बलता, मणक्यांमधील चकतीचे विकार, झोपेचा अभाव, मनावरील ताण. दिवसभर कठीण फरशीवर उभे राहणाऱ्यास मऊ तळामुळे सायंकाळी कमी थकवा वाटू शकतो, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असल्यास टाचेखाली उंची वाढवण्याचा उपयोग होऊ शकतो. परंतु ‘पाठीसाठी खास’ म्हणून अधिक किमतीला विकल्या जाणाऱ्या बुटांवर महिन्याची मिळकत खर्च करण्यापूर्वी ही मर्यादा जाणून घेणे हिताचे आहे.

अनवाणी पाय

मनुष्यजात सहस्रावधी वर्षे अनवाणी चालत आली, मग पादत्राणाची एवढी आवश्यकता कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. १९९२ साली भारतातील २३०० मुलांच्या पाहणीत, पादत्राण वापरणाऱ्यांपैकी ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले. अनवाणी फिरणाऱ्यांत हे प्रमाण २.८ टक्केच होते. बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक, तर सँडल किंवा सपाता वापरणाऱ्यांत त्याहून कमी होते. वाढत्या वयात पावलाच्या स्नायूंना काम मिळाले तर कमान बळकट होते, असा याचा अर्थ लावता येतो. लहान मुलांना सतत घट्ट बुटांत कोंडू नये, हे यावरून स्पष्ट होते.

परंतु मातीची पाऊलवाट आणि सिमेंटची फरशी यांत अंतर आहे. माती पावलागणिक थोडी दबते आणि प्रत्येक पाऊल वेगळ्या उंचसखल जागी पडते. भाराची वाटणी आपोआप होते. फरशी दबत नाही, आणि तिच्यावरील प्रत्येक पाऊल मागच्यासारखेच असते. शिवाय काच, खिळे, तापलेले डांबर आणि जमिनीतील रोगकारक कृमी यांपासून रक्षण हे पादत्राणाचे आद्य प्रयोजन आजही कायम आहे.

मऊपणालाही सीमा असते. अतिशय मऊ व जाड तळावर पाऊल डोलते. ते स्थिर ठेवण्यासाठी घोट्याच्या स्नायूंना अधिक श्रम पडतात. जमीन कशी आहे याची जाणीव पावलाला नीट होत नाही. वृद्ध माणसांच्या बाबतीत यामुळे तोल जाण्याचा संभव असतो. त्यांच्यासाठी फार जाड नसलेला, घट्टसर, न घसरणारा तळ अधिक सुरक्षित होय.

पादत्राणाची निवड

वरील विवेचनावरून पादत्राण निवडताना पाहावयाच्या गोष्टी सहज ध्यानी येतील. दिवसभरात पावले किंचित फुगतात, म्हणून खरेदी सायंकाळी करावी. दोन्ही पायांत घालून, उभे राहून पाहावे. दोन पावले क्वचितच सारख्या मापाची असतात, आणि माप मोठ्या पावलाचे धरावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे, आणि बोटे एकमेकांवर न चढता पसरली पाहिजेत. कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून त्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी आणि पादत्राण त्या आकृतीवर ठेवून पाहावे. आकृती बाहेर डोकावत असेल, तर ते पादत्राण अरुंद आहे.

पादत्राण चवड्यापाशी वाकले पाहिजे, मध्यावर नव्हे. दोन्ही हातांनी पिळले असता ते धुण्याच्या कपड्याप्रमाणे पिळले जाऊ नये. टाचेची उंची दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा फार अधिक नसावी. आतला थर अंगठ्याने दाबून पाहावा : तो दबावा, पण खालचा कठीण तळ अंगठ्याला लागू नये, आणि बोट काढताच खळगा भरून यावा. टाचेमागे पट्टा असलेले पादत्राण अधिक चांगले. केवळ अंगठ्याच्या आधारावर राहणारी सैल चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटे सतत आवळली जातात, आणि लांब चालीत हा श्रम जाणवतो. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर दुखणारे पादत्राण घेऊ नये.

पादत्राणाचे आयुष्यही मर्यादित असते. वरचे चामडे शाबूत असले तरी आतला थर कालांतराने चेपून निर्जीव होतो. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत, न वापरताही, जुना झाल्यावर भुगा होऊन सुटतो. पेटीत जपून ठेवलेले बूट पावसाळ्यानंतर काढताच तळ गळून पडल्याचा अनुभव अनेकांना आलेला असतो. टाच एका बाजूने फार झिजली असेल तर तसे पादत्राण पाऊल तिरके पाडते. ते दुरुस्त करावे किंवा बदलावे.

उंबरठ्याच्या आत

भारतीय घरांत पादत्राण दाराबाहेर काढून ठेवण्याची रीत आहे. स्वच्छतेच्या दृष्टीने ती उत्तमच होय. परंतु टाचदुखीची स्त्री रस्त्यावर अर्धा तास मऊ चप्पल वापरते आणि स्वयंपाकघरात चार तास फरशीवर अनवाणी उभी राहते, तेव्हा उपचाराचा मोठा भाग वाया जातो. घरातल्या घरात वापरण्यासाठी स्वच्छ, वेगळी जोडी ठेवणे हा यावरचा साधा तोडगा आहे. ते रुचत नसेल तर ओट्यापाशी जाडसर चटई घालावी, अधूनमधून बसून कामे करावीत, आणि एकाच पायावर भार न टाकता तो आलटून पालटून घ्यावा.

संवेदना मंदावलेल्या मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत मात्र केवळ सोयीचा विचार पुरेसा नाही. देवळाच्या प्रांगणातील भर दुपारच्या तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने त्यांचे तळवे भाजतात, आणि घरी परतून फोड दिसेपर्यंत त्यांना त्याची जाणीवही नसते. त्यांनी दर्शनाची वेळ सकाळची वा सायंकाळची ठेवावी, रोज रात्री तळवे स्वतः पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत, आणि चप्पल घालण्यापूर्वी आत खडा अथवा खिळा नाही ना, हे हाताने चाचपावे. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवून ही परीक्षा काही मिनिटांत होते.

काही लक्षणे दिसली तर चपलेचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे : दुखापतीनंतर पाय टेकवता न येणे, एकाच पायाला आलेली सूज, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, पायात बधिरपणा किंवा बळ कमी होणे, लवकर न भरणारी जखम. पाठदुखीबरोबर लघवीवरचा किंवा शौचावरचा ताबा सुटू लागला, तर क्षणाचाही विलंब करू नये.

पायाची वेदना आपण शत्रू मानतो आणि ती नाहीशी करण्यासाठी बाजारात जातो. ज्यांची ही वेदना हरपली, त्यांच्या पायांची काय दशा होते, हे वेल्लोर आणि करिगिरी येथील अनुभवाने दाखवून दिले आहे. भार कोठे अधिक होत आहे, हे वेदनाच सांगते. तो पसरवण्याचे काम चांगले पादत्राण करते. तो कमी करण्याचे काम मात्र विश्रांती, व्यायाम आणि कामाची योग्य रीत यांचे आहे. या दोहोंची जोड मिळाली, तर साध्या रबरी तळाची स्वस्त चप्पलही पुष्कळ काही साधू शकते.